कोणीतरी पाहत आहे

प्रीतीने गॅस बारीक केला, ओला हात गाऊनला पुसला आणि मोबाइल थेट सनीच्या नाकासमोर धरला. "बघ. आत्ता, या मिनिटाला कोणीतरी बघतंय मला."

सनी नुकताच ऑफिसातून आला होता आणि माठाशेजारी उभ्या उभ्या पाणी पीत होता. ठसका लागला असता तर बरं झालं असतं, निदान खोकण्यात थोडा वेळ गेला असता. पण पाणी निमूट घशाखाली उतरलं आणि त्याला बघणं भाग पडलं. पडद्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता, मावसबहिणीच्या लग्नात काढलेला, पांढऱ्या साडीतला. फोटोच्या कोपऱ्यात एक बारका केशरी ठिपका हळूहळू फुगत होता, किंचित थबकत होता आणि तितक्याच सावकाश मावळत होता. खाली बारीक अक्षरं होती, 'कोणीतरी पाहत आहे.' तो ठिपका सनीने केला होता. त्याचा रंग, त्याचं फुगणं, मधलं ते थबकणं, सगळं त्याच्या हातचं होतं. आणि त्या ठिपक्यामागे कोणीही नसतं, हे या घरात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"रोज असतो," प्रीती म्हणाली. "सकाळी दवाखान्यात जाताना उघडलं तरी असतो, आता उघडलं तरी आहे. एकच माणूस असणार बघ. इतके जण कशाला बघतील मला?" असं म्हणून ती हसली. चौतिशी गाठलेल्या प्रीतीचं असं हसणं त्या दोन खोल्यांत हल्ली फारसं ऐकू यायचं नाही. मेथी निवडत बसलेल्या आईनेही मान वर केली. "तुझ्याच कंपनीचं अ‍ॅप ना हे? तुम्हाला तिकडे कळत असेल की, कोण ते," प्रीतीने सनीला विचारलं.

"नाही गं ताई. आम्हाला नाही दिसत. प्रायव्हसी असते."

हे त्याच्या तोंडून इतकं पटकन गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. प्रीतीने समजूतदारपणे मान हलवली. प्रायव्हसी हा शब्द तिला आवडल्यासारखा दिसला. बघणारा माणूस भिडस्त असावा, चांगल्या घरातला असावा, असं काहीतरी त्या शब्दातून तिने परस्पर काढून घेतलं असणार. मग मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवून ती भाकऱ्या थापायला लागली आणि दर भाकरीगणिक तिकडे एक नजर टाकत राहिली. सनी पेला हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपल्या हाताने केलेली वस्तू आपल्याच घरात, मिसळणाच्या डब्याला टेकून, आपल्याच माणसाला फसवत बसलेली बघायची, असं काही होईल हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याचं काम म्हणजे मोबाइलातल्या गोष्टी हलवणं. शेजारणींनी विचारलं की आई असंच सांगायची, "तो मोबाइलातली चित्रं हलवतो," आणि शेजारणी हसायच्या, पण आईचं सांगणं बरोबर होतं. बटण दाबलं की ते जरासं दबायला हवं, पान उलटलं की पुढचं पान धावत न येता चालत यायला हवं, एखादं स्थळ नको असेल तर बोटाने सरकवताच त्याचा फोटो अलगद बाजूला निघून जायला हवा, म्हणजे नकार देणाऱ्याच्या मनाला काही लागू नये. उल्हासनगरात फर्निचरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. दिवसभर खालून पॉलिशचा वास यायचा आणि रंध्याचा आवाज. मालक गुलराज भाई. वडिलांचा कापडाचा धंदा सोडून त्यांनी हा लग्नं जुळवण्याचा धंदा काढला होता, पण बोलताना ते अजून गल्ल्यावरच बसलेले असत. अ‍ॅप सुरू झालं तेव्हा लोक यायचे, आपला फोटो टाकायचे, काही घडत नाही बघून निघून जायचे. गुलराज भाईंनी सनीला केबिनमध्ये बोलावलं. "साईं, दुकान में ग्राहक आया, किसी ने उसकी तरफ देखा ही नहीं, तो बैठेगा क्या? इसमें जान डालो." सनीने फोटोवर ठिपका लावून जान घालायची ठरवली. खरोखर कोण कोणाला बघतंय हे मोजायचं तर मागची सगळी व्यवस्था नव्याने बांधावी लागेल आणि त्याला वेळ लागेल, असं प्रोग्रामिंग बघणाऱ्या ऋताने सांगितलं होतं. गुलराज भाई म्हणाले, तब तक ऐसे ही चलने दो. ते 'तब तक' वर्ष उलटलं तरी चालूच होतं, आणि आता त्याची आठवणही ऑफिसात कोणी काढत नव्हतं.

पहिल्यांदा केलेला ठिपका धोक्याच्या दिव्यासारखा दिसायचा. दुसरा धडधडायचा, तो बघून ऋता म्हणाली होती, अरे, हा आयसीयूत आहे का? मग एका दुपारी, लॅपटॉपसमोर डोळे मिटून बसला असताना, सनीला एक जुना वास आला. तो पॉलिशचा नव्हता, आंबूस, घशाला टोचणारा होता. लहानपणी वारा फिरला की एमआयडीसीकडून तो वास संध्याकाळीच घरात शिरायचा. आई खिडक्या लावून घ्यायची, पप्पा दुसऱ्या पाळीला गेलेले असायचे. सनीला धाप लागायची आणि तो घाबरून आणखी भराभर श्वास घ्यायचा. मग प्रीती ओला रुमाल त्याच्या नाकावर धरायची आणि त्याच्या शेजारी फरशीवर आडवी पडायची. "माझ्याबरोबर घे. मी घेतला की घे, मी सोडला की सोड." तिच्या फ्रॉकवरची निळी फुलं वर यायची, थोडा वेळ थांबायची, मग खाली जायची. त्या थांबण्यात सनीला वाटायचं, आता काही होणार नाही. ते थांबणंच त्याने ठिपक्यात आणलं. ठिपका जमला. लोक अ‍ॅपवर रेंगाळायला लागले, गुलराज भाईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि सनी त्या दिवशी फार खुशीत घरी आला. घरी त्याने प्रीतीला पेढा दिला, कशाचा ते मात्र सांगितलं नाही. आणि मग तिनेही आपला फोटो त्या अ‍ॅपवर टाकला, भावाची कंपनी आहे म्हणून, विश्वासाने.

"ओळखीचं वाटतं रे हे काहीतरी," भाकरी उलटता उलटता प्रीती म्हणाली. "बघत बसलं की बरं वाटतं."

सनीने पेला जागेवर ठेवला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

ती हे नुसतं गंमत म्हणून सांगत नव्हती, याचीच त्याला भीती वाटत होती. रविवार जवळ येत होता. मागच्या रविवारी हरिचंद्र काका कैलासला घेऊन आले होते. काका पप्पांच्या बरोबरीने कारखान्यात राबलेले. पप्पा गेल्यावरही त्यांनी या घरी येणंजाणं सोडलं नव्हतं, आणि वस्तीतल्या निम्म्या पोरापोरींची लग्नं त्यांनीच जुळवली होती. त्यांचा एक नियम होता. होकार असो की नकार, फोनवर द्यायचा नाही. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की दोन्हीकडच्यांनी समोरासमोर उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. "नाही म्हणायचं तर माणसाच्या तोंडाकडे बघून म्हणा," काका म्हणायचे, "म्हणजे उगाच नाही म्हणणार नाय कोणी." फोटो अलगद बाजूला सरकवणाऱ्या सनीला हे ऐकताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

कैलास चामटोलीचा. एमआयडीसीत फिटर होता, बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. चाळिशीला आलेला, बोलायला मंद, हसला की ओशाळल्यासारखा दिसायचा. चहा झाल्यावर त्याने कप स्वतः उचलून मोरीत नेऊन विसळला, तेव्हा आईने सनीकडे असं काही पाहिलं की जावई ठरल्यातच जमा. निघताना चपला घालता घालता तो प्रीतीला म्हणाला होता, "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे... तुमचे डोळे दुखत असतील ना ओ?" प्रीती कुळगावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात होती. ओळीने बसलेल्या पेशंटांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि "आता मिटून बसा" म्हणायचं, हेच तिचं काम. इतक्या वर्षांत इतके डोळे तिने जवळून पाहिले, आणि ते सगळे तिच्यासमोर मिटलेले. तुझे डोळे दुखतात का, हे घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं, सनीनेही नाही. त्याला शरम वाटली आणि त्याच क्षणी कैलास आवडून गेला. पण प्रीतीने ते ऐकलंच नव्हतं. तिचं लक्ष हातातल्या मोबाइलकडे होतं.

"माणूस चांगला आहे गं," आई तेव्हापासून म्हणत होती.

"वाईट कोण म्हणतंय? पण थांबूया थोडं. कोणीतरी रोज बघतंय, आई. धीर होत नसेल विचारायचा. मी तिकडे हो म्हटलं आणि इकडे यानं विचारलं तर?"

दुसऱ्या दिवशी सनी गुलराज भाईंच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. तो ठिपका काढून टाकू या, म्हणाला, खोटं आहे ते. गुलराज भाईंनी त्याला बसवलं, त्याच्यासाठी चहा मागवला. रागावले असते तर सनीला भांडता आलं असतं. "झूठ क्या है इसमें, बेटा? किसी का क्या बिगड़ा? बंदा घर जाके सोचता है, कोई तो है. अच्छी नींद आती है उसको." मग त्यांनी मोबाइल काढून त्याला एका बाईचा मेसेज दाखवला, नाशिककडची कोणी, ठिपक्यामुळे मला जगावंसं वाटतं असं तिने लिहिलं होतं. "ये तेरा काम है साईं. तू निकालेगा?" सनी चहा पिऊन जागेवर येऊन बसला. समोरच्या पडद्यावर ठिपका त्याच्या ताईचे श्वास घेत होता, आणि कोणत्या कोणत्या गावांत, कोणत्या कोणत्या बायका-पुरुषांच्या उशाशी तो असाच चालू होता. अ‍ॅपमधून ठिपका काढणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात एकच मोबाइल येऊ शकत होता.

त्या संध्याकाळी त्याने प्रीतीकडून तिचा मोबाइल मागून घेतला. "अपडेट आलंय, टाकून देतो." तिने बघितलंही नाही, दिला. त्याने ऑफिसात तयार केलेलं, ठिपका नसलेलं अ‍ॅप तिच्या मोबाइलवर चढवलं. मनाशी त्याने साधा हिशेब केला होता. ठिपका दिसला नाही की चार दिवसांत ती विसरेल, विसरली की कैलासचा चेहरा आठवेल, रविवारी हो म्हणेल. कोणाला काही सांगायला नको, कोणाला काही लागायला नको. फोटो अलगद बाजूला सरकावा तसं हे सरकेल असं त्याला वाटलं. त्याला दुसरं काही करता येतच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी प्रीतीने अ‍ॅप उघडून बघितलं. दोनदा मोबाइल बंद करून चालू केला फक्त. दुसऱ्या दिवशी तिने रेंज नाही का विचारलं. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून आली ती तशीच खिडकीशी बसली, आणि आईने चहा पुढे केला तर म्हणाली, "नको." मग तिने फोटो बदलला. हिरवा ड्रेस घालून, केस मोकळे सोडून, आईला गच्चीवर नेऊन तिच्याकडून फोटो काढून घेतले. आईचा हात हलत होता म्हणून पुन्हा पुन्हा काढायला लावले. ते सनीने खालून पाहिलं. ती कठड्याशी उभी राहून हसायची, आई "झालं" म्हणाली की हसणं टाकून द्यायची, पुन्हा हसायची. वर जाऊन तिच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा असं त्याला वाटलं, पण जिन्याच्या पहिल्याच पायरीवरून तो मागे फिरला.

"गेला तो," रात्री जेवताना ताट न उष्टावताच ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "एवढे दिवस बघितलं आणि मग नाही म्हणाला असणार. जवळून बघितल्यावर कळतं ना माणसाला." आईने तिच्या ताटात भात वाढला.

शनिवारी दुपारी सनी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसला. आई बाजारात गेली होती. त्याने पांढऱ्या कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका चालू करून दाखवला. "ताई, हे बघ. हा मी केलाय. यामागे कोणी नसतं. आपोआप चालतो हा, सगळ्यांच्या मोबाइलवर. कोणी बघत नाही गं. खोटा आहे."

प्रीती बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिली. तिची छाती नकळत त्याच्याबरोबर वर-खाली व्हायला लागली होती. मग ती भावाकडे बघून हसली, लहानपणी हसायची तशी. "माझं मन राखायला सांगतोयस ना? म्हणजे तो गेला नाही, तो नव्हताच, असं?"

"खरंच सांगतोय."

"अरे, ठिपका तू काढलास हे पटतंय मला. बल्ब कोणीतरी लावणारच. पण बटण दाबणारा वेगळा असतो ना?"

"बटणच नाहीये त्याला. कायम चालू असतो तो, ताई."

"कायम? मग माझाच बुधवारपासून बंद का झाला?"

सनीने तोंड उघडलं. मी बंद केला, एवढे तीनच शब्द होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता, का, आणि त्याचं उत्तर होतं, तू मुकाट त्या कैलासला हो म्हणावंस म्हणून. ज्या मुलीने ओला रुमाल धरून आपल्याला श्वास घ्यायला शिकवलं, तिला आपण असं गुपचूप एका बाजूला ढकलायला निघालो होतो, हे तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचं होतं. हरिचंद्र काकांचा नियम त्याला पहिल्यांदा नीट कळला. "काहीतरी बिघाड असेल," तो पुटपुटला.

"बघ, गेलाच तो," प्रीती म्हणाली आणि उठून भांडी लावायला लागली. तिची पाठ त्याच्याकडे होती. ती रडत होती, आवाज न करता, भांडी न वाजवता, आणि सनीला ते सहन झालं नाही. त्यात कैलासचा, रविवारचा, कशाचाच विचार नव्हता. तिचं रडणं थांबायला हवं होतं, एवढंच. ओट्यावर तिचा मोबाइल पडला होता. त्याने तो उचलला, लॅपटॉपला लावला, आधीचं अ‍ॅप परत चढवलं आणि जिथे होता तिथे ठेवून दिला.

संध्याकाळी खिडकीजवळून तिचा आवाज आला. "आला." मग जरा मोठ्याने, आईला, "आई, आला परत!" सनी दारात उभा होता. तिने मोबाइल त्याच्याकडे फिरवला, डोळे चमकत होते, सुजलेलेही होते. "बघ, म्हणे खोटा. बिघाडच होता. तूच म्हणालास."

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात, चपलांच्या रांगेशी, सगळे उभे राहिले. कैलास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. हरिचंद्र काकांनी विचारलं, "बोल पोरी." सनी दोन पावलं पुढे आला, आता बोलावं, इथे सगळ्यांसमोर तरी बोलावं, पण प्रीती आधीच कैलासच्या तोंडाकडे सरळ बघत होती, नियमाप्रमाणे. इतकी प्रसन्न ती कधी दिसली नव्हती. "तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली. "खरंच. पण... कोणीतरी आहे."

कैलासने मान खाली घातली, मग वर केली. "बोलला का तो तुमच्याशी?"

"अजून नाही."

"बोलेल," कैलास म्हणाला. "तुमच्यासारख्या माणसाशी कोण नाय बोलणार?" मग ओशाळं हसून त्याने काकांना हात जोडले, आईला जोडले, सनीलाही जोडले. फाटकाबाहेर जाऊन स्कूटर चालू करताना त्याला दोनदा किक मारावी लागली. आईने पदर तोंडाला लावला. सनीला वाटलं, धावत जावं आणि त्या स्कूटरची किल्ली काढून घ्यावी. तो चपला शोधत राहिला, आणि सापडल्या तेव्हा रस्ता मोकळा झाला होता.

त्या संध्याकाळी वारा फिरला. आंबूस वास आला तशी आईने खिडक्या लावून घेतल्या. प्रीती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून, गुडघ्यावर मोबाइल ठेवून बसली होती. "आज उशीर केला का रे त्याने?" तिने हाक मारून विचारलं, आणि मग लगेच, "नाही नाही, आहे, आहे." सनी आतल्या खोलीत फरशीवर आडवा झाला. छाती भरून येत होती आणि श्वास लहान पडत होता. त्याने आपला मोबाइल काढला, अ‍ॅप उघडलं आणि बहिणीचं नाव शोधलं. हिरव्या ड्रेसमधला नवा फोटो समोर आला. हसणं जरा जास्त झालं होतं, डोळ्यांखाली काळं दिसत होतं. त्याने तो फोटो बघायला सुरुवात केली. पडदा अंधारायला लागला की तो अंगठ्याने हलकेच स्पर्श करायचा, पडदा पुन्हा उजळायचा, आणि तो बघत राहायचा. भिंतीपलीकडे ती हसली. तो बघत राहिला.